रजिस्टरात नसलेली नऊ नावे

२ जानेवारी १९९६, मंगळवार

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी न वाचता एकाही कागदावर सही केली नाही. गेल्या शनिवारी केली. उद्या हे प्रकरण अंगावर आले तर कोणत्या दिवशी काय घडले ते माझ्या अक्षरात असावे, म्हणून ही वही.

शिक्षण खात्याला गेलेल्या त्या कागदावर असे होते: "प्रवेश रजिस्टर मी स्वतः तपासले असून त्यात प्रत्येक विद्यार्थिनीचे नाव व जन्मतारीख नोंदलेली आहे." खाली माझी सही. सकवारबाई मोहिते, बी.ए., बी.टी., मुख्याध्यापिका.

मुख्याध्यापिका होऊन मला सहा आठवडे झाले आहेत. बंगळुरात चामराजपेटेत आमच्या घरासमोरच्या गल्लीत मौलाना बद्रुद्दीन नाखवा यांची मशीद आहे. मशिदीमागे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये मुलींची शाळा. आधीची शिक्षिका लग्न होऊन म्हैसूरला गेली. तेव्हा मौलाना एका छोट्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून आमच्या दाराशी आले आणि कोकणातल्या मराठीत म्हणाले, "बाय, तुम्ही रिटायर झालात म्हणे. मग रिकाम्या का बसता?" असा उद्धट प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटले.

मार्चमध्ये सातवीची पब्लिक परीक्षा आहे. आमच्या नऊ मुली बसायच्या आहेत. बसल्या नाहीत तर जूनमध्ये यातली एकही शाळेत दिसणार नाही. अगरबत्त्या वळतील, दोघी-तिघींची लग्ने ठरतील. हे मला कुणी सांगायला नको.

आज रजिस्टर उघडले. सातवीचे पान जसेच्या तसे उतरवते.

१. आमची नात.
२. अत्तरवाल्यांची थोरली.
३. गफार मेस्त्रींची धाकटी.
४. अत्तरवाल्यांच्या शेजारची.
५. चुलीवर हात भाजला होता ती.

पुढेही असेच. जन्मतारखेच्या रकान्यात काही नाही. एका ठिकाणी "पाऊस पुष्कळ होता" असे आहे.

३ जानेवारी, बुधवार

मौलानांना जाब विचारला. ते मशिदीच्या ओट्यावर उन्हात बसतात. बोलताना माझ्याकडे बघत नाहीत, समोरच्या भिंतीकडे बघतात. त्यांच्यात परस्त्रीकडे बघत नाहीत हे मला माहीत आहे, पण इतके काटेकोर कुणी पाहिले नव्हते.

"तुम्ही म्हणालात सगळं नोंदलंय."

"नोंदलंय की, बाय. ऐंशी सालापासूनची प्रत्येक मुलगी मला पाठ आहे."

"पाठ म्हणजे नोंद नव्हे. आणि मला बाई म्हणा."

मग कळले ते असे. शाळा काढली तेव्हा मुलींच्या बापांनी एकच अट घातली. पोरगी येईल, पण तिचे नाव कागदावर चढून परक्या पुरुषांच्या हाती जाणार नाही. मौलानांनी शब्द दिला. तेव्हापासून हजेरी बापाच्या धंद्याने घेतात. "अत्तरवाल्यांची?" "हाजिर." सोळा वर्षे हे चालले आहे आणि कुणाचे काही अडले नाही, कारण आजवर कुणी परीक्षेलाच बसले नाही.

मुलींची नावे मला वर्गात पाच मिनिटांत कळली. त्याचा उपयोग नाही. अर्जावर मुलीचे पूर्ण नाव हवे आणि त्याखाली पालकाची सही.

६ जानेवारी, शनिवार

शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात गेले. क्लार्क गुंडूराव माझ्याच हाताखाली चौथी शिकला आहे. तेव्हाही वही पूर्ण करत नसे.

"अक्का, बिननावाची परीक्षा कशी घ्यायची? नंबर तरी कुणाला घालू?"

"शेवटची तारीख?"

"वीस. शनिवार. पाच वाजता कपाट बंद. त्यानंतर तुम्ही छडी घेऊन आलात तरी उघडत नाही."

गेल्या शनिवारी सही केलेले पत्र परत मागितले. म्हणाला, आवक नंबर पडला. रजिस्टर तपासणीला आले तर तुम्हालाच विचारतील. बरोबरच आहे.

घरी जयसिंगरावांनी विचारले, "सकू, तुला पेन्शन कमी पडते का?" थोरले बंधू आहेत, वहिनी गेल्यापासून मी त्यांच्याकडे असते. "स्वल्प विचार कर. त्यांचं ते बघून घेतील."

मी म्हटले, सही माझी आहे.

९ जानेवारी, मंगळवार

अर्जासोबत "संस्थापकाची माहिती, पाच ओळींत" जोडायची आहे. मौलाना सांगत होते, मी लिहीत होते. पाच ओळींना दोन तास लागले.

जन्म दाभोळच्या खाडीवरच्या एका गावात. बाप बोटीवर सारंग. सहाव्या वर्षी बापाबरोबर रंगूनला गेले, दीनी शिक्षण तिथेच झाले. चौसष्ट साली तिथल्या सरकारने हिंदी लोकांना घालवले तेव्हा एका ट्रंकेसह मद्रासला उतरले. बंगळुरात कुणी ओळखीचे नव्हते. मग इथेच का उतरलात, असे विचारले. "गाडी इथपर्यंतच होती," म्हणाले. लाकडाच्या वखारीत ओंडके मोजायचे काम मिळाले.

"संस्थेची स्थापना दिनांक?"

"पहिला माणूस मेला त्या दिवशी."

मी पेन खाली ठेवले.

"बाय, वखारीत बिहारकडचा एक हमाल मेला. इथं त्याचं कुणी नव्हतं, माझंही नव्हतं. जनाजा उचलायला चार खांदे लागतात. मी धरून तीन झाले. चौथा शोधायला मी फजरपासून दुपारपर्यंत फिरलो. शेवटी गफारचा बाप आला, रंधा हातात घेऊन तसाच. चार झाले म्हणजे जमात झाली. मशीद, नळ, शाळा हे नंतरचं बांधकाम."

"तारीख सांगा."

"तारीख नाही ठाऊक. गुरुवार होता."

मी "सन १९६५" लिहिले. वाचून दाखवले. ते कागद कधी स्वतः हातात घेत नाहीत, सगळे दुसऱ्याकडून वाचून घेतात. मोठेपणा अंगात मुरला की असे होते. आमचे एक इन्स्पेक्टर तसेच होते.

१० जानेवारी, बुधवार

अपूर्णांकांचा भागाकार. दोघींना आला.

१२ जानेवारी, शुक्रवार

नमाजानंतर बापांची बैठक. मी परिस्थिती दहा मिनिटांत सांगितली. सातजण आले होते. सगळे गफार मेस्त्रींकडे बघत होते. ते सुतार आहेत, पन्नाशीचे, मशिदीचा दरवाजा त्यांनी फुकट केला आहे.

ते म्हणाले, "बाईजी, आपकी इज्जत करते हम. पढाव, खूब पढाव. नाम नक्को."

"नावाशिवाय परीक्षा नाही."

"तो परीक्षा नक्को. कागज पे गया सो नाम कां कां फिरता, किस किस के हात में जाता, आपकू मालूम क्या?"

मी म्हटले, माझे नाव एकोणीसशे सत्तावन्नपासून कागदावर फिरते आहे, मला अद्याप काही झालेले नाही. कुणी हसले नाही. मौलाना एक शब्द बोलले नाहीत. बैठक संपल्यावर मी त्यांना त्याचा जाब विचारला.

"मी कसा बोलू? शब्द मी दिलाय."

"म्हणजे मुली घरी बसणार."

"शब्द मी दिलाय, बाय. मीच. बापांना दिलाय." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बापांना. बाकी कुणी दिला नाही, बाकी कुणाला दिला नाही." वयामुळे तेच तेच बोलतात.

संध्याकाळी मला एकटीला एक मार्ग सुचला. आयांना भेटायचे. मी कुणाला कसला शब्द दिलेला नाही.

१५ जानेवारी, सोमवार

संक्रांतीचा एळ्ळु-बेल्ला, म्हणजे तीळ-गुळ-खोबऱ्याची मिसळ, नऊ पुड्यांत बांधली आणि नऊ घरी गेले. सणाचे वाण घेऊन आलेल्या बाईला कोणत्याही घरी आत बसवतात. माझ्यापुढे नऊ वेळा चहा आला. आठ वेळा घेतला.

आयांनी जन्मतारखा दिल्या, पण त्यांच्या चांद्र महिन्यांनी; महिन्याला त्या 'चाँद' म्हणतात. अत्तरवालीण म्हणाली, "खाली के चाँद में हुई. बकरीद कू पंधरा दिन थे." दुसरी म्हणाली, "मीरांजी का चाँद, चौथी तारीख, गल्ली में तुम्हारा गणपती पैली बार बैठा सो साल." मी पंचांग घेऊन गेलेच होते. आपण अधिक महिना घालून चंद्राला सूर्याबरोबर आणतो. ते घालत नाहीत, म्हणून त्यांचा प्रत्येक महिना दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. एकदा हे धरले की तारीख निघते. "पाऊस पुष्कळ होता" ती मुलगी १९ ऑक्टोबर १९८३ ला जन्मली. आईला सांगितले तर तिने पदर तोंडाला लावला आणि रडली. रडण्यासारखे त्यात काही नव्हते.

सही मात्र एकीनेही दिली नाही. "मर्द लोगां कू पूछना."

गफार मेस्त्रींच्या बायकोने सर्वांत कमी बोलून सर्वांत जास्त माहिती दिली. निघताना म्हणाली, "बाईजी, अंगूठा चलता क्या?"

मी म्हटले, नियमात आई हीसुद्धा पालकच आहे आणि अंगठा चालतो. तिने चुलीत लाकूड सारले.

१७ जानेवारी, बुधवार

तारखा नऊ. सह्या शून्य. तीन दिवस राहिले.

जेवताना जयसिंगराव म्हणाले, "त्यांच्या बायकांची नावं म्हणजे गुपितच. मागासलेपण दुसरं काय?" ते म्हणत होते तेव्हा माझी नजर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर गेली. आमची वंशावळ काचेत लावली आहे. शहाजीराजांबरोबर आलेल्या मूळ पुरुषापासून जयसिंगरावांच्या नातवापर्यंत, चौदा पिढ्या. मी ती आज पहिल्यांदा नीट वाचली. साडेतीनशे वर्षांत आमच्या घराण्यात एकही मुलगी जन्मली नाही, असे दिसते.

१८ जानेवारी, गुरुवार

मौलानांशी भांडण झाले. मी म्हटले, "यादीतला पहिला नंबर तुमचाच आहे. 'आमची नात.' मुलगा गेल्यापासून तिचे पालक तुम्ही. दुसऱ्यांच्या घरांबद्दल शब्द दिला असेल, स्वतःच्या घराबद्दलही दिला का?"

भिंतीकडे पाहून म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही हे कालच विचाराल."

"म्हणजे?"

"एक दिवस उशीर केलात. हरकत नाही. उद्या जुम्मा आहे."

अर्ज पुढे केला. त्यांनी उद्या म्हटले. अर्ज त्यांच्या मांडीवर राहिला, अक्षरे खाली. त्यांनी तो सरळही केला नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

दुपारी मी घरी जेवत होते. मशिदीचा भोंगा आमच्या खिडकीसमोर आहे. गेली कित्येक वर्षे मी शुक्रवारी ती खिडकी लावून घेते. आज उघडी ठेवली.

ते जमातीशी उर्दूत बोलतात. मला समजले तसे लिहिते.

आधी रमजानबद्दल बोलले, चार दिवसांवर आला आहे. मग म्हणाले, आपल्या नबींना चार मुली होत्या. चौघींची नावे इथे बसलेल्या प्रत्येक लहान मुलालाही माहीत आहेत. चौदाशे वर्षे ही नावे जगभर कागदावर फिरत आहेत. किती हातांत गेली असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. भोंग्यातून नुसता घर्रर आवाज येत होता.

"त्यातल्या एकीचं नाव रुकय्या. माझ्या नातीचंही नाव रुकय्या. रुकय्या बिन्ते सलीम नाखवा. ती सातवीची परीक्षा देणार आहे. तिचं नाव मी आज लिहून देतो आहे. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं नाव मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही."

रस्त्यावरच्या भाजीवालीनेसुद्धा ते ऐकले. जयसिंगराव म्हणाले, "काय झालं?" मी म्हटले, "एकीची नोंद झाली." वरण गार झाले होते.

चार वाजता शेडमध्ये गेले. मौलानांनी सही केली. मी बोट ठेवले तिथे केली, तरी तिरपी गेली. अंधार पडायच्या आत अत्तरवाले आले. मग विडीवाले, त्यांच्यामागे दोघे एकत्र. कुणी मौलानांकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. टेबलावर वाकायचे, सही करायची आणि मुलीचे नाव हळूच सांगायचे, जणू मला ते माहीतच नव्हते. मी प्रत्येक वेळी, "कसे लिहायचे?" असे विचारले. त्यांना सांगू दिले.

रात्रीपर्यंत आठ झाल्या. गफार मेस्त्री आले नाहीत.

२० जानेवारी, शनिवार

सकाळी साडेसहाला दाराशी गफार मेस्त्रींची बायको. बुरख्यात, एकटी. दूध आणायला म्हणून निघाली होती, हातात बरणी होती. मी शाईचा पॅड पुढे केला. अंगठा उमटवला, बोट पदराला पुसले नाही, तसेच मुठीत मिटून गेली.

साडेतीनला नऊ अर्ज गुंडूरावाच्या टेबलावर ठेवले. त्याने प्रत्येक नाव मोठ्याने वाचले, ती त्याची सवयच आहे. रुकय्या, सबीहा, मैमूना, हलीमा, कौसर, तस्नीम, मेहजबीन, शाहीन, नूरजहाँ.

"सरी, ठीक आहे अक्का. हे सगळं आधीच रजिस्टरात होतं ना?"

"आता आहे," मी म्हटले. काल रात्री मी स्वतः लिहून काढले. शाई वाळली आहे.

घरी येऊन पाय शेकले.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मौलानांनी इमामत सोडली.

मशिदीच्या मंडळींनी नको म्हटले. गफार मेस्त्रींनीही नको म्हटले, हे मला अत्तरवाल्यांनी सांगितले. मौलाना ऐकत नाहीत. राजीनामा तोंडी सांगून माझ्याकडून लिहून घेतला. मी म्हटले, हे नाटक कशाला? तुम्ही शब्द मोडला नाही. स्वतःच्या घरचे नाव घेतले, दुसऱ्याचे घेतले नाही.

"ती वकिली झाली, बाय. शब्द दिला तेव्हा बापांना वाटलं होतं की हा माणूस आपल्या मुलींची नावं झाकून ठेवील. ती आता उघडी पडली, आणि माझ्यामुळे पडली. पडायलाच हवी होती. पण ज्यानं विश्वासानं सोपवलेलं उघडं केलं त्यानं नमाजाला पुढं उभं राहू नये. मागच्या ओळीत बरं असतं. उभं राहायला फक्त शेजाऱ्याचा खांदा कळला की झालं."

सही केली ती मजकुरावरच. सबंध पत्र पुन्हा लिहावे लागले. माणसाने थोडे लक्ष द्यावे.

आता ते मागच्या ओळीत उभे राहतात. नात सोडायला आणि न्यायला येते. जमातीने त्यांच्यासाठी मशिदीतलीच खोली ठेवली आहे. शाळेचे काम आता कुणी सांगायचे, असे मी विचारले. म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगत होतं का आजवर?"

हे खरे आहे. सगळे माझे मलाच सुचले.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

ईद होऊन गेली. नऊ घरांतून नऊ डबे शीरखुर्मा आला, नववा मेस्त्रींच्या घरचा. निरोप नव्हता. जयसिंगरावांनी त्यातले तीन संपवले आणि म्हणाले, साखर जास्त आहे.

सहामाहीचा इतिहास अजून कच्चा.

१८ मार्च, सोमवार

हॉल तिकिटे सकाळी गुंडूरावाकडून आणली. दुपारी दोनपासून शेडमध्ये टेबल मांडून वाटली. नियम आधीच फळ्यावर लिहिला होता: ज्याचे नाव असेल त्याच्याच हातात, सही घेऊन.

साडेचारपर्यंत आठ गेली. मैमूना आली नव्हती. पाचला गफार मेस्त्री आले, एकटेच. अंगाला भुसा लागलेला.

"मेरी बच्ची का कागज देव."

"कोणाचे?"

"मेरी बच्ची का."

"इथे नऊ मुली आहेत. प्रत्येक कुणाची तरी बच्ची आहे. नाव सांगा, मी शोधते."

टेबलावर एकच तिकीट होते. दोघांनाही दिसत होते. ते दारात उभे राहिले. ते तिकीट फाडायला मागतात की ठेवायला, हे मला कळत नव्हते, त्यांना कळत होते की नाही हेही सांगता येत नाही. बाहेर नळावर बायका होत्या, त्यांच्या बादल्यांचा आवाज थांबला.

"मैमूना," ते म्हणाले.

"पूर्ण."

"मैमूना बिन्ते अब्दुल गफार."

"बरोबर. आता तिला घेऊन या. दुसऱ्याच्या हाती देत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता ओरडतील. ते वळले, उंबऱ्यात उभे राहिले आणि गल्लीच्या त्या टोकाला त्यांचे घर आहे तिकडे तोंड करून तिच्या नावाने हाक मारली. सुताराचा आवाज, यंत्राच्या आवाजातून बोलायची सवय. मशिदीच्या ओट्यावर बसलेल्या मौलानांनी मान तिकडे वळवली. दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी होती. मैमूना धावत आली, चप्पल घालायची राहिली होती.

नोंद.
आलेली हॉल तिकिटे: नऊ.
दिलेली: नऊ, ज्यांची त्यांच्या हाती.
सह्या: नऊ, पूर्ण नावाने.
शेरा: शेवटची सही एका ओळीत मावली नाही. दोन ओळी वापरू दिल्या.